कुलूपबंद कीर्तन



शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची चाल आहे. ग्रंथाचा विषय कोणता, प्रयोजन काय, दोहोंचा संबंध कसा आणि अधिकारी कोण, ह्या चार गोष्टींचा उलगडा झाल्याखेरीज आमच्या पाठशाळेत पान उलटीत नसत. मला ह्याचा फार कंटाळा यायचा. गुरुजींनी एकदाचे पुढे सरकावे असे वाटायचे. परंतु गेल्या ज्येष्ठात पुण्यातल्या एका लहानशा दुकानात माझ्यापुढे एक वही उघडून ठेवण्यात आली. तीत नाव, पत्ता आणि प्रयोजन असे रकाने आखलेले होते, आणि साठी उलटलेला हा माणूस तिसऱ्या रकान्याशी लेखणी धरून बराच वेळ बसून राहिला. त्या रकान्याची ही हकीकत. हकीकत लहान आहे, पण तीत चोरीचा प्रश्न आहे, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात पडून आहे, म्हणून ह्या पानांत मांडतो.

१९९३ साली आमच्या महाराजांच्या एका कीर्तनाची व्हिडिओ कॅसेट निघाली. एका व्यावसायिकाने सप्ताहात दिवे, कॅमेरे लावून चित्रण केले आणि कॅसेटी विकल्या. मी एक विकत घेतली. त्या दिवसांत घरी व्हीसीआर असणे ही चैन होती. यंत्र भाड्याने आणायचे, सगळी आळी ओटीवर जमवायची आणि रात्रभर जे काय असेल ते पाहून सकाळी परत करायचे. आमच्या आळीने महाराजांचे ते कीर्तन असे कितीदा पाहिले असेल, मोजदाद नाही. पुढे २००१ साली महाराज वैकुंठवासी झाले. त्यांचे बोलते-चालते रूप दाखविणारी दुसरी वस्तू माझ्यापाशी नाही. फोटो आहेत, पण फोटोत माणूस हात कसा हालवतो हे दिसत नाही, आणि आमच्या महाराजांचे अर्धे निरूपण हातात होते.

आता ही फीत म्हणजे काय? अर्धा इंच रुंदीची प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर चुंबकीय भुकटीचा लेप, आणि त्या भुकटीच्या कणांत चित्र व ध्वनी साठविलेले. दमट हवेने लेप कमजोर होतो, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि प्रत्येक वेळी लावताना यंत्राच्या फिरत्या डोक्यावर घासून थोडी झीज होते ती निराळीच. ही पद्धत जपानात १९७६ साली बाजारात आली आणि असे व्हीसीआर बनविणाऱ्या जपानमधल्या शेवटच्या प्रसिद्ध कंपनीने २०१६च्या जुलैत ते काम थांबविले. म्हणजे फीत राहिली तरी वाचणारे यंत्र राहणार नाही. मीमांसक शब्दाला नित्य मानतात आणि नैयायिक अनित्य. माझा कल आजवर मीमांसकांकडे होता. कॅसेटीच्या खिडकीतून पांढरी बुरशी पाहिल्यापासून नैयायिकांचे म्हणणे फार जवळचे वाटू लागले आहे.

धाकट्या मुलाने सुचविले की फितीवरचे कीर्तन तबकडीवर, म्हणजे डीव्हीडीवर, उतरवून घेऊ. घरचा व्हीसीआर कधीच बंद पडलेला, म्हणून दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा, पण कामात निष्णात. त्याने बुरशी झाडली, फीत लावली, टीव्हीवर महाराज स्वच्छ दिसले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. मग उतरविण्याचे यंत्र जोडले, तर त्याने साफ नकार दिला. त्याने दुसरे जुने यंत्र जोडून पाहिले. त्यावर महाराज क्षणात उजळत, क्षणात काळवंडत, जणू कोणी दिव्याची वात वरखाली करीत आहे.

“महाराज, हिला कुलूप आहे,” तो म्हणाला.

फितीला कुलूप कसे असेल, हे मला कळेना. त्याने समजावून सांगितले ते असे. टीव्हीच्या प्रत्येक चित्राच्या वरच्या अंगाला काही रेषा असतात, त्या पडद्यावर दिसत नाहीत. चित्र उतरविणारे यंत्र त्या न दिसणाऱ्या जागेकडे पाहून आलेला संकेत किती जोराचा आहे ते ठरविते आणि त्याप्रमाणे त्याला कमीजास्त करते. कुलूप घालणारा त्या जागी खोटे ठोके भरून ठेवतो. यंत्र फसते, संकेत फार जोराचा आला असे समजून त्याला खाली दाबते, आणि नक्कल बिघडते. टीव्ही त्या ठोक्यांनी फसत नाही, म्हणून पाहणाऱ्याला काहीच त्रास नाही. ही युक्ती मॅक्रोव्हिजन नावाने १९८०च्या दशकात निघाली. नवी यंत्रे फसत नाहीत, पण ठोके ओळखून आपण होऊन थांबतात. अमेरिकेत तर १९९८च्या कायद्याने व्हीसीआर बनविणाऱ्यांवर ह्या कुलपाचा मान राखण्याची सक्तीच केली. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली घरच्या घरी, सवडीने पाहण्यासाठी, टीव्हीवरचा कार्यक्रम टिपून ठेवणे हा अपराध नव्हे असे ठरविले होते. एका हाताने दार उघडले आणि चौदा वर्षांनी दुसऱ्या हाताने त्याला कडी घातली, असे म्हणावेसे वाटते. असो, तो त्यांचा प्रश्न.

दुकानदारापाशी एक पेटी होती. जुनी फीत थरथरते, चित्र वाकडेतिकडे होते, ते सरळ करण्यासाठी ही पेटी संकेताची घडी नव्याने बसविते. ती घडी बसविताना ते खोटे ठोके आपोआप गळून पडतात. कुलूप फोडण्यासाठी ती मुद्दाम केलेली नाही. वैद्याने ताप उतरविण्यासाठी काढा द्यावा आणि त्यात रोग्याचे खोटे सोंगही उतरावे, तसा प्रकार. “लावू का?” त्याने विचारले, आणि ती वही पुढे केली.

मी वहीचे कारण विचारले. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तीत असल्या कुलपांविषयी स्वतंत्र कलम आले. हक्कभंगाच्या उद्देशाने कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कायद्याने स्पष्ट मना न केलेल्या कामासाठी मात्र ते उघडता येते. अशा वेळी उघडण्यास साहाय्य करणाराने ज्याच्यासाठी ते केले त्याचे नाव, पत्ता आणि प्रयोजन ह्यांची पूर्ण नोंद ठेवावी. खाजगी उपयोगासाठी केलेला उचित वापर हा त्याच कायद्यात हक्कभंग मानलेला नाही. मला हे ऐकून नवल वाटले. सरकारने कायदा केला आणि त्यात आमच्या पाठशाळेतले प्रयोजन आणून बसविले! तीच कृती, तीच पेटी, तीच फीत. पापपुण्य ठरणार ते रकान्यात काय लिहिले त्यावरून, आणि लिहिले ते खरे आहे की नाही त्यावरून.

मी त्या दिवशी काहीच लिहिले नाही. फीत घेऊन घरी आलो.

मनात पहिला विचार आला तो सगळ्यांच्याच येतो. मी पैसे मोजले आहेत, वस्तू माझी, तिचे मी काहीही करीन. पण विकत काय घेतले? फीत घेतली, तीवरच्या चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क घेतला नाही. पोथी विकत घेतली म्हणून ती छापण्याचा अधिकार येत नाही, हे आपण सगळे मानतो. चित्रफितीवर प्रकाशनापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क असतो, म्हणजे ह्या कॅसेटीवर तो २०५३ सालाच्या अखेरपर्यंत आहे. तोवर मी नसेन, आणि फीत तर माझ्याही आधी जाईल.

दुसरा विचार कीर्तनकाराला सुचणारा. दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचे काय कमी होते? हा दृष्टांत मी स्वतः शेकडो वेळा दिला आहे आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. पण त्या रात्री लक्षात आले की दृष्टांतात तेलाचा हिशेब कोणी विचारीत नाही. ज्योत फुकट, तेल नव्हे. त्या सप्ताहात कॅमेरावाले तीन रात्री जागले, दिव्यांचे भाडे झाले, कॅसेटी भरल्या गेल्या. तो माणूस विकणारा होता, पण त्याने विकले म्हणूनच आज माझ्यापाशी महाराज आहेत.

तिसरा विचार अधिक टोचणारा. हरिकीर्तन विकायची वस्तूच नव्हे. तुकोबारायांनी कीर्तन करून धन घेणाऱ्यांचा जो समाचार घेतला आहे तो सर्वांना ठाऊक आहे. मग कीर्तनाला कुलूप घालणे हाच अधर्म, आणि ते मोडणे हे धर्मकार्य! हा युक्तिवाद मला फार आवडला. इतका आवडला की त्याचीच शंका आली. मी स्वतः बिदागी घेतो. गाडीभाडे घेतो, पाकीट घेतो, आणि पाकीट हलके असले तर घरी येऊन बोलूनही दाखवितो. ज्याने आयुष्यभर पाकीट घेतले त्याने दुसऱ्याच्या कुलपासमोर निःस्पृहतेचा झेंडा उभारू नये.

मग स्मृती उघडली. मनूच्या आठव्या अध्यायात साहस आणि स्तेय असा भेद आहे. धन्याच्या देखत बळाने नेले ते साहस. त्याच्या माघारी नेले, किंवा नेऊन ‘मी नेलेच नाही’ म्हटले, ते स्तेय. म्हणजे चोरीचे मर्म लपविण्यात आहे. वहीत नाव-पत्ता लिहून देणारा चोर कोणी पाहिला आहे काय? पण नाव लिहिले म्हणून घेतलेली वस्तू आपली होते असेही नव्हे.

त्याच मनूच्या दुसऱ्या अध्यायात आणखी एक वचन आहे. दुसरा वेद म्हणत असता आज्ञेवाचून तो ऐकून शिकणारास वेदचोर म्हटले आहे आणि त्याला नरक सांगितला आहे. म्हणजे नक्कल उतरविण्यावरचे कुलूप जपान-अमेरिकेत निघालेले नाही, ते आमच्याकडे फार पूर्वी होते, आणि कानावर होते. ते कुलूप आपल्या संप्रदायाने मानले नाही. वेदाच्या श्रीमंतीबरोबर त्याच्या कृपणपणाचाही उल्लेख माउलींनी अठराव्या अध्यायात केला आहे, आणि गीतेचा अर्थ मराठीत सर्वांपुढे मांडून ठेवला. शके १२१२ची ही गोष्ट. म्हणून पुष्कळ जण म्हणतील, बुवा, तुम्ही वारकरी, तुम्हाला कुलपाचे भय कसले?

भय नाही. पण माउलींचे नाव आपल्या कपाटाची पहार म्हणून वापरायला मन धजत नाही. माउलींनी निवृत्तिनाथांच्या आज्ञेने दिले, आपल्या जवळचे दिले आणि सर्वांना दिले. मी घेत होतो, आणि एकट्यासाठी.

विचारायचे कोणाला, हाही प्रश्न होताच. कॅसेटीच्या वेष्टनावरच्या पत्त्यावर पत्र टाकले, ते परत आले. मुलाला पाठविले, तर त्या जागी आता औषधांचे दुकान आहे आणि जुन्या भाडेकरूंचा मागमूस कोणाला नाही. कुलूप शाबूत, धनी नाहीसा! ज्याला किल्ली मागायची तो सापडत नाही, आणि ज्याच्या भल्यासाठी कुलूप घातले त्याला आता ह्या कॅसेटीतून एक पैसा मिळत नाही.

मग महाराजांच्या थोरल्या चिरंजिवांकडे गेलो. त्यांचे वय आता पंचाहत्तरीच्या घरात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बाबांचे कीर्तन ऐकायला तुम्हाला माझी परवानगी कशाला? ऐका, जपा. फक्त कोणाला कापू देऊ नका.”

त्यांच्या ह्या ‘कापू देऊ नका’ने मला चपराक बसली, तिचे कारण सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका सप्ताहात एका तरुणाने माझे कीर्तन मोबाइलवर टिपले. मी सासूसुनेचा एक दृष्टांत सांगितला होता. आधी पूर्वपक्ष मांडला, जनरीत सुनेविषयी काय बोलते ते रंगवून सांगितले, लोक हसले, आणि मग पुढची वीस मिनिटे त्याचे खंडन केले. त्या मुलाने हसण्यापर्यंतचा अर्धा मिनिट ठेवला आणि गावोगाव पाठविला. बायाबापड्या विचारू लागल्या, “बुवा, तुम्ही असं म्हणालात?” मी म्हणालो होतो, आणि म्हणालो नव्हतोही. त्या पोराला मी चारचौघांत चोर म्हटले. आता विचार करतो तेव्हा कळते की त्याने टिपून घेतले ह्याचा मला राग नव्हता. सबंध कीर्तन टिपून पाठविले असते तर मी चार लोकांना कौतुकाने दाखविलेही असते. त्याने खंडन टाकून पूर्वपक्ष ठेवला, ती चोरी. चोर हा शब्द बरोबर होता, पण मी तो चुकीच्या कामासाठी वापरला, आणि ते त्याला अजून सांगायचे राहिले आहे.

आपल्या संप्रदायाची वहिवाट पाहा. उतरून घेणे हे आपल्याकडे पाप कधीच नव्हते. बाडांवरून बाडे उतरली, संताजी जगनाड्यांच्या वह्यांचे आपण आजही उपकार मानतो. पण उतरता उतरता ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि ताकीद लिहून ठेवली की ह्यात आपली ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात करवंटी ठेवतो. नाथांनी कुलूप घातले, पण कशाला? नकलेला नव्हे, भेसळीला. प्रत कितीही जणांनी करावी, एका अक्षराचीही लुडबुड करू नये. कॅसेटवाल्याचे कुलूप नेमके उलटे. त्याने नक्कल अडविली, पण फीत हाती घेऊन ती मध्येच तोडून चिकटविणाऱ्याला ते कुलूप काय करणार?

दुसऱ्या खेपेस दुकानात गेलो आणि वही मागितली. प्रयोजनाच्या रकान्यापाशी पुन्हा अडलो, कारण आता खरे लिहायचे होते. मनात प्रयोजने एकाहून अधिक होती. महाराजांचे दर्शन व श्रवण, हे एक. पाच-सात गुरुबंधूंना प्रती वाटून त्यांच्याकडून शाबासकी मिळवावी, हे दुसरे. आणि तिसरे, जे मी मुलालाही सांगितले नव्हते. त्या कीर्तनात महाराजांनी एक दृष्टांत असा काही फुलविला आहे की तो नीट बसवून येत्या चातुर्मासात आपण करावा, असे माझ्या मनात होते. ही तिसरी चोरी कोणत्याच कायद्यात बसत नाही. मी लिहिले, ‘स्वतःच्या श्रवणासाठी’, सही केली, आणि ते दोन हेतू तिथेच सोडून द्यावे लागले.

काम होत असताना दुकानदार म्हणाला, “महाराज, इथे बुवा प्रमाण विसरले आहेत. दहा-बारा सेकंद जातात. तेवढे काढून टाकू? जोड दिसणार नाही.”

ती जागा मला पाठ होती. महाराज तिसऱ्या चरणाला अडतात, डोळे मिटतात, मागचा टाळकरी हळूच चरण उचलून देतो, आणि महाराज वळून भर कीर्तनात त्या टाळकऱ्याला हात जोडतात. खरे सांगतो, क्षणभर मला वाटले, काढू द्यावे. महाराजांची चूक लोकांनी कशाला पाहावी? ज्याने कुलपापायी दोन आठवडे झोप घालविली, तो कात्रीला एका क्षणात कबूल होत होता. मुलाने माझ्याकडे पाहिले. मी “नको” म्हटले.

त्या पोराने दोन तबकड्या करण्याचा सल्ला दिला, कारण घरी भरलेली तबकडीही अमर नसते, तिच्यातला रंगाचा थर काळाने उतरतो. मी एकच घेतली आणि त्याच्या संगणकावरची प्रत समोर पुसायला लावली. हे शहाणपण होते की हट्ट, मला अजून कळलेले नाही. वाचकांपैकी ज्यांच्या मठात-फडात अशा फिती असतील त्यांना मात्र इतके सांगतो. फीत पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी ठेवा, आणि कॅसेटीच्या कडेची लहानशी चकती मोडून टाका, म्हणजे चुकून तीवर दुसरे काही भरले जाणार नाही. ना-नफा तत्त्वावरच्या सार्वजनिक ग्रंथालयापाशी मूळ प्रत असेल तर जतनासाठी ती संगणकीय रूपात साठविण्याची मुभा कायद्याने दिलेली आहे. माझ्यामागे माझी फीत तशाच एखाद्या ग्रंथालयाला द्यावी, असे मी मुलाला सांगून ठेवले आहे.

आषाढी झाली आणि मराठवाड्यातल्या एका गुरुबंधूंचा निरोप आला. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. वारी चुकली, अंथरुणावर आहेत. त्यांनीही १९९३ साली तीच कॅसेट घेतली होती, ती पुराच्या पाण्यात गेली. “एक प्रत पाठवा,” इतकेच म्हणणे. मी दोन दिवस उत्तर दिले नाही. त्यांनी पैसे मोजले होते, म्हणून हक्क आहे म्हणावे, तर वहीत मी माझ्यापुरते लिहून दिले होते. नाही म्हणावे, तर ज्यांच्या शेजारी उभे राहून मी टाळ धरायला शिकलो त्यांना नाही कसे म्हणावे? मुलगा म्हणाला, “अप्पा, एक प्रत काढायला पाच मिनिटं लागतात. कोण बघतंय?”

मनूचे ते माघारी नेण्याचे लक्षण मला तेव्हा आठवले.

मी प्रत काढली नाही. होती ती तबकडीच कापडात गुंडाळून, मुलाबरोबर बसने त्यांच्याकडे पाठविली आणि चातुर्मासभर ठेवा म्हणून कळविले. कार्तिकी होऊन गेली, तबकडी अजून तिकडेच आहे. त्यांच्या सूनबाई सांगतात की रोज सायंकाळी लावतात, आणि प्रमाण विसरण्याची जागा आली की ते उजवा हात उचलण्याचा प्रयत्न करतात. तो टाळकरी तेच होते. मी परत मागितलेली नाही. माझ्यापाशी फीत आहे, तिला लावायला यंत्र नाही.